मालकी बदल

जूनचा दुसरा आठवडा. शाळा रिकामी.
तळघरात बॉयलरशेजारी माझं टेबल.
सगळं म्हणे ढगात असतं,
किल्ल्या मात्र इथे, जमिनीखाली:
पाच शाळा, अकराशे छत्तीस खाती,
रखवालदार मी एकटा, एल्डन राउटिओ.
उंच खिडकीतून दिसतात गवताचे बुंधे
आणि गवत कापणाऱ्या यंत्राची चाकं.

दर वर्षी या दिवसांत मी माणसं पुसतो.
म्हणजे खाती.
बारावी सुटलेली पोरं,
खाण बंद पडल्यावर विस्कॉन्सिनला गेलेली घरं,
निवृत्त झालेला सुतारकामाचा मास्तर,
ज्याचा पासवर्ड त्याच्या कुत्रीचं नाव होता
आणि हे कुत्री सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.
एक खूण, एक बटण.
पडदा विचारतो, खात्री आहे?
आहे, आहे, आहे.

मग येतं: केम्पाइनेन, इर्या. सातवी, विज्ञान.
फेब्रुवारीत गेल्या.
जमीन दगड झालेली, दफनाला मे उजाडला.
खातं तेव्हाच थांबवायला हवं होतं.
मी विसरलो.
नाही, विसरलो नाही.

त्यांच्या नावावर एक तक्ता अजून जागा आहे.
'तळ्याचा बर्फ.'
कधी धरला, कधी सुटला, कोणी पाहिलं,
आणि शेवटचा रकाना, 'तपासलं',
त्यात दर वर्षी दोनच अक्षरं: इ. के.
चौदा वर्षं.
मुलं सातवीतून पुढे गेली, पण तक्त्यातून कोणी गेलं नाही.

मी बदलांचा इतिहास उघडतो.
उघडायला नको. पण मला उघडता येतो.

बावीस एप्रिल: अजून नाही. (वेस्ली)
तेवीस: नाही.
चोवीस: नाही, पण आवाज येतोय.
सव्वीसला टॅमरा आहोचं, शाळेच्या बसमधून,
सकाळी सहा एकेचाळीस: कडेला काळं पाणी, हातभर.
चार मे: बदकं.
पाच मे: सुटला.

त्याच आठवड्यात जमीनही सुटली होती.

आणि सहा मे, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कोणीतरी शेवटच्या रकान्यात लिहिलं, इ. के.
पुसलं.
पुन्हा लिहिलं. पुसलं.
सात वेळा.
आठव्यांदा कर्सर तिथे आला,
चार मिनिटांनी फाइल बंद झाली.
कोण, ते नाव इतिहासात आहे.
मी सांगणार नाही.

खातं पुसलं की तक्ताही पुसला जाणार,
म्हणून पडदा विचारतो, मालकी कोणाच्या नावावर चढवू?
अधीक्षकबाई फोनवर म्हणाल्या,
जिल्ह्याच्या सामाईक खात्यावर टाक ना, एल्डन.
तिथे काय काय पडलंय मला माहीत आहे:
अग्निशमन कवायतीचे नकाशे,
२०१६ चा पिझ्झाचा हिशेब.
विद्यार्थ्याच्या नावावर चढत नाही, नियम आहे.
नियम मीच लिहिला होता.

माझं नाव टाइप केलं.

'तपासलं'च्या त्या एका चौकटीला कुलूप लावलं,
रिकामीच ठेवून.
मग इर्याबाईंच्या खात्यावर खूण.
खात्री आहे?
पाणी प्यायला उठलो. परत आलो. तेच विचारत होतं.

एकतीस वर्षं त्या तळ्यावरून गाडी नेतोय,
जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या.
कधी उतरलो नाही.
नोव्हेंबरात उतरावं लागेल.
बर्फ नेमका धरला कधी म्हणायचा,
कडेचा की मधला,
हे पोरांनाच विचारून ठेवलं पाहिजे.