तुळईखाली जॅक

पाटण डेपोतून चार दिवसांसाठी मागून आणलेला जॅक
तिसरा महिना तुळईखाली उभा आहे.
आम्ही त्याच्या शेजारी अंथरूण टाकतो.
रात्री लाकूड कुरकुरलं की हे म्हणतात, "उंदीर असेल,"
मग दोघंही जागे.

गॅस जिन्याखाली गेलाय. भुसा पिठात, वेणीत,
माझ्या तिकिटाच्या मशीनमध्येसुद्धा.
पहिल्या फेरीला कुणीतरी विचारतंच,
"बाई, सागवान का?"

काल तातोबा मिस्त्रीनं खांबाचा ऑइलपेंट खरवडला,
खाली छिन्नीचे घाव निघाले: तीन रेघा, एक फुली.
पुढच्या खांबावर चार रेघा, एक फुली.
"हे घर इथलं नव्हं," तो म्हणाला,
"धरणाचं पाणी चढायच्या आधी कुणीतरी उतरवलंय,
खुणा घालून. गाडीत भरून आणलंय."

म्हणजे या छपराला
सुटं व्हायची सवय आहे.
मी उगाच घाबरत होते.
अजून घाबरते.

आज नवा खांब उभा राहण्याआधी
बॉलपेन दाबून दाबून पाच रेघा ओढल्या,
फुली विसरले.
तातोबानं न बोलता छिन्नी पुढं केली.
साडेपाचच्या कोयनानगर गाडीला
मी सात मिनिटं उशिरा पोचले.