चौथं पॅड

रबाळे एमआयडीसी. शुक्रवार, शटडाउन.
प्रेस सगळे गप्प. शेजारच्या रंगाच्या कारखान्याचा वास तेवढा
ड्यूटीवर.
वीज दोनला येणार.

खिडकीपाशी उजेड बघून मी पेपर पसरते
आणि बावीस वर्षांचं यंत्र उताणं पाडते.
याच्या पोटातलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही,
त्याच्यावाचून खोके कापायचं मशीन चालत नाही,
म्हणून हेगिष्टेसाहेब वर्षा-दोन वर्षांनी
वैदूला बोलवावं तसं मला बोलावतात.

पंख्याचा कान तुटलाय.
हीटसिंक नवा, म्हणजे तुर्भ्याच्या भंगारातला, पण तळ तांब्याचा.
जुना उचलला. खाली तपकिरी चौकोन,
मधोमध करंगळीच्या नखाएवढं उघडं सिलिकॉन.
त्या काळी यांना टोपी नसायची.
चार कोपऱ्यांत चार काळी पॅड असतात.
तीन आहेत.
चौथ्याच्या जागी सुकलेल्या गोंदाचा डाग.

हा डाग मी ओळखते.

कोपरखैरणे, दोन हजार दोन, मढवींचं दुकान.
वर सुकट भाजली की खाली मॉनिटरला वास.
मी एकोणीस वर्षांची आणि सगळ्याचीच घाई.
पॅड सुटून आलं. वाटलं, पॅकिंगचं असेल.
फेकलं.
क्लिप दाबली, हीटसिंक एका अंगाला कलंडला
आणि आवाज आला, भातात खडा लागावा तेवढाच.
कोपरा उडाला. मोहरीएवढाही नव्हता.
नऊ हजारांचा, तोही गिऱ्हाइकाचा.

मढवी ओरडले नाहीत.
केराच्या डब्यातून चकती शोधली, फुंकली,
माझ्या तळव्यावर ठेवली.
"हिचं काम थंड करायचं नाय गो.
तो सरळ बसेपरत झेलायचं, बस."
मग पगारातून महिन्याला तीनशे कापले. अडीच वर्षं.
मी तिथं टिकले याचं अर्धं कारण ते.

तर आता चौथं पॅड कशाचं?
स्लिपरच्या तळव्याचा तुकडा कापला. ठेवून, दाबून, उचलून पाहिलं:
पेस्टवर ठसाच नाही.
टेकलंच नव्हतं. असंच चालू केलं असतं
तर दहा मोजायच्या आत करपलं असतं,
इतकं जपून.
दाराच्या फटीला लावतात ती पट्टी: एकदा दबली की उठतच नाही.
शेवटी साहेबांच्या माउसपॅडचा कोपरा. विचारून.
ब्लेडनं आडवा चिरला, भाकरीचा पापुद्रा सोडवतात तसा.
गोल जमला नाही. चौकोनी, जरा तिरका.
चालेल.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
बोर्डावर व्हिजिटिंग कार्ड, स्क्रूड्रायव्हर घसरला तर ओरखडा त्यावर जावा.
हीटसिंक वरून, सरळ, पाट मांडतात तसा.
पलीकडचा हूक आधी. मग अलीकडचा.

उजवा अंगठा हल्ली थरथरतो.
हे मी साहेबांना सांगितलेलं नाही.
मढवींना सांगितलं असतं.

क्लिप अर्ध्यावर असताना हात हलला.
तांबं कललं, केसभर, माझ्याच बाजूला,
त्या चौकोनी तिरक्या तुकड्याकडे.
मी श्वास धरून आवाजाची वाट पाहिली.
बाहेर कुणीतरी टेम्पोचा फाळका पाडला.
दुसरा कुठलाच आवाज नाही.
क्लिप बसली.

दोन वाजून दहा मिनिटांनी ट्यूबलाइट फडफडल्या.
एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस. बावन्न.
त्रेपन्न.
त्रेपन्न.
"झालं?" साहेब म्हणाले. झालं, म्हटलं.
ते कुरतडलेल्या माउसपॅडवर हात टेकून बसले
आणि खोके कापायला लागले.

बिलात पॅडचे पैसे लावले नाहीत.
काय म्हणून लिहायचे?

अंगठ्यावरची पेस्ट साबणानं निघत नाही.
घरी जाऊन खोबरेल लावीन.