चौथा पाय

अपोंडी दुकानात आली तेव्हा
तिच्या हातात सिमेंटच्या पिशवीचा कागद होता,
त्यावर कोळशाने काढलेली खाट.
"खाट नाही," म्हणाली, "वाळवण."

किसुमूच्या आमच्या किनाऱ्यावर
ओमेना वाळत घालतात जमिनीवरच, जुन्या जाळ्यांवर.
बोटाएवढी मासळी, चांदीच्या कातरणासारखी.
ऊन चांगलं असतं. पण दुपारी तीनला सरोवर
न सांगता आभाळ पाठवतं,
आणि सकाळची चांदी संध्याकाळी
कोंबडीखाद्याच्या भावात जाते.
करकोचे तर तोलाआधीच आपला वाटा उचलतात.

मी ओगुटू, वेल्डर. खिडक्यांचे गज, हातगाड्या,
कधी एखादं फाटक.
डोक्यात काहीतरी घेऊन येणारे पुष्कळ पाहिले.
एकाला सायकलवर चालणारा पंखा हवा होता,
एकाला आपोआप बंद होणारं खुराडं.
त्यांची उधारी अजून भिंतीवर खडूने आहे.
म्हणून म्हटलं, अर्धे आगाऊ.
तिने रुमालाची गाठ सोडली. नोटा ओलसर होत्या.

चार पाय, वर जाळी, डोक्यावर गुंडाळलेली ताडपत्री,
दोरी ओढली की पसरणारी.
छान झालं होतं. माझं मीच म्हणतो.
किनाऱ्यावर नेलं तर डुगडुगू लागलं.
एक पाय सतत हवेत;
त्याखाली दगड सारावा, तर दुसरा उचलायचा.
बायका हसल्या. किंमत ऐकून हसायच्या थांबल्या.
चार हजार दोनशे शिलिंग.
"एवढ्यात शेळी येते," म्हातारी न्यासेमे म्हणाली,
"आणि शेळी डुगडुगत नाही."

बँकेतला पोरगा सभ्य होता.
त्याने विचारलं, बाजार केवढा आहे?
अपोंडीने दोन्ही हात पसरले, मग खाली घेतले.
"मोजून येते."
आणि खरंच गेली. एकवीस दिवस, अकरा किनारे,
शाळेच्या वहीत प्रत्येकीला एकच प्रश्न:
गेल्या पावसात किती गेलं?
विकायच्या वस्तूचं नावही काढलं नाही.
शेवटच्या पानावर एक आकडा, दोनदा अधोरेखित:
दोन हजार सहाशे.
त्याच्या वर कुणाचा हात जाणार नव्हता.

मी म्हटलं, एवढ्यात माझं लोखंडही निघत नाही.
ती बसली होती माझ्या आजोबांच्या तिपाईवर.
जमीन खड्ड्याखड्ड्यांची,
तिपाई मात्र जिथे ठेवाल तिथे.
बोलता बोलता थांबली. खाली पाहिलं.
बसल्या बसल्या एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे.
"एक पाय काढ."
"दहा चौकटींचे चाळीस पाय कापून ठेवलेत, बाई!"
"मग दहा उरतील."

नळी बारीक घेतली. ताडपत्रीऐवजी
टूथपेस्टच्या जाहिरातींचे उतरवलेले फलक.
त्या वर्षी आमच्या मासळीवर
पांढरेशुभ्र दात हसत होते.
भवानी न्यासेमेनेच केली,
पन्नास शिलिंगांसाठी अर्धा दिवस घासाघीस करून.

पुढचं सगळं सरळ गेलं असं नाही.
बुसियाची नेरिमा बारा उधारीवर घेऊन गेली,
पैसे सातांचेच आले, मग फोन बंद.
त्या महिन्यात अपोंडीची शिलाई मशीन
तिच्या घरातून दिसेनाशी झाली.
मी विचारलं नाही.

आणि एके दिवशी पोरगं धावत आलं:
पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी आपलंच विकतोय!
मी हातोडा घेऊनच निघालो.
पाहतो तर काय, चार पाय.
गड्याने आमचं पहिलं उचललं होतं,
डुगडुगीसकट.

अपोंडी हसून हसून खालीच बसली.
"कळेल त्यालाही," मी म्हटलं, "पावसापर्यंत कळेल."
"कळू दे."
तिने वही उघडली. कोऱ्या पानावर
नवा प्रश्न आधीच लिहिलेला होता:
रात्री चोर किती नेतात?

कोपऱ्यात ते दहा पाय होते, गंज धरत.
जाताना त्यातला एक ती उचलून घेऊन गेली.
कशाला, ते अजून सांगितलेलं नाही.