बरणी

कोकिळेचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
नळाखालच्या शेवाळानं केलं ते.
आणि अकरा दिवसांची साय
फ्रीजमध्ये, झाकण धड न बसणाऱ्या डब्यात,
तिच्या हाताची वाट बघत होती.

रोज अर्धा लिटर, म्हशीचं.
विरजण तिनं डाव्या हातानंच लावलं.
एक चमचा ओट्यावर सांडला,
तेवढा मला पुसू दिला.

मी जिनात एकतीस वर्षं.
सरकी एकीकडे, रुई एकीकडे,
मधल्यामध्ये कुठेतरी माझे कान.
आता धरणगावात मला कुणी हाक मारत नाही,
खांद्याला हात लावतात.
कोकिळा नावाच्या बाईशी लग्न करून
तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला, ते विचारू नका.
भांडण होतं, एवढं आठवतं. रॉकेलवरून.

रवी आहे घरात, पण तिचा दांडा दिवाळीत मोडला.
मिक्सर नको म्हणते. तापतो, लोणी पातळ होतं.
राहिली लोणच्याची बरणी,
दोनदा धुतली तरी मेथीचा वास न सोडणारी.
निम्मीच भरा, तिनं बोटानं रेघ दाखवली.
बर्फाचे चार खडे.
झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा, गळू नये म्हणून.
आणि हलवा.

सकाळचे सहा, मे महिना.
ऊन ओसरीवर चढलं की
इथं लोणी येत नाही, तेल येतं.

हलवत राहिलो.
आधी आत पातळ काही धावत होतं
या टोकाहून त्या टोकाला,
बर्फ मध्येच तळव्याला ठोसा द्यायचा.
मग धावणं जड झालं.
मग नुसतं सरकणं.
मग काहीच नाही.
मी हलवतोय आणि आत कुणी हलत नाही.
बरणी गच्च, मुकी.

थांबलो. बिघडलं, म्हटलं.
हे मला ओळखीचं होतं.
त्या दिवशीही पट्टा फिरत होता,
रुई उडत होती, माणसं घामेजलेली,
आणि मी फोरमनला सांगायला गेलो
की मशीन बंद पडलंय.
तो हसला असणार.
मला त्याचे दात दिसले.

कोकिळेनं प्लास्टरनंच कोपराला ढोसलं.
ओठ वाचले:
आते नका थांबू.

पुढं किती वेळ गेला, ते खांद्याला माहीत.
मग आत काहीतरी सुटलं.
एकदम.
पाणी पुन्हा धावू लागलं,
आणि त्या पाण्यात एक गोळा
तळव्याशी येऊन टेकला.
त्याचा आवाज कसा लिहितात मला ठाऊक नाही.
धक्का मऊ होता,
पाळण्यातल्या पोरानं झोपेत टाच मारावी तसा.
तिला सांगायला वळलो
तर तिच्या ओठांचा चंबू आधीच झालेला:
उनं!

तिला कानानं कळलं, मला हातानं.
आधी कुणाला, यावर बराच वेळ वाद,
तिचा एक हात, माझे दोन.

परातीत घेतलं, तीन पाण्यांनी धुतलं.
पहिलं पाणी दुधाळ, दुसरं ढगाळ,
तिसऱ्यात परातीची नक्षी दिसली.
पळीच्या पाठीनं दाबून दाबून ताक काढलं.
लिंबाएवढं होईल म्हणालो होतो,
मोसंबीएवढं झालं.
ताकाचा तांब्या बाजूला ठेवला, शेजारच्या निंबाबाईचा.
प्लास्टर आहे तोवर आमच्या भाकरी तीच थापते,
आज कळण्याच्या.

मागं वळून बघतो तर
कोकिळेनं तळाशी ताक उरलेली बरणी उचललेली,
डाव्या हातानं हलवतेय,
प्लास्टरबाहेरची चार बोटं बरणीला टेकवून,
डोळे मिटून.
जरा वेळानं मान हलवली:
काहीच कळत नाही.

सरावानं येतं, मी म्हणालो.
फार मोठ्यांदा म्हणालो असणार,
कारण निंबाबाई भाकरीची टोपली घेऊन
तशीच धावत दारात आली.