अर्धा इंच माया

लांबी पाच पूर्णांक दोन, रुंदी चार पूर्णांक एक,
जाडी दोन पूर्णांक सात.
तिन्हींचा गुणाकार, भागिले दोन.
रात्रीचे पावणेतीन, एमवायचा तिसरा मजला.
एका माणसाच्या डोक्यात सांडलेलं रक्त
मी मोजते आहे मोबाइलवर,
ज्यावर संध्याकाळी दुधाचा हिशेब केला होता.
अठ्ठावीस पूर्णांक आठ मिलीलिटर.
तिसाला गुण बदलतो.

त्र्यंबक माळवदे, शिंपी, बोहरा बाजार.
आधारकार्डावर वय एकोणऐंशी.
ऐंशीला गुण बदलतो.
त्यांची मुलगी कुंदा सांगते,
"तारीख गुरुजींनी लावलेली, एक जुलै.
अख्ख्या वर्गाचीच एक जुलै.
आजी म्हणायची, खान नदीचं पाणी
छत्र्यांच्या पायऱ्या चढलं, त्या साली झाला.
आता ते साल कोणतं, कोण सांगणार?"

म्हणजे तक्त्यात हे दोन आहेत,
किंवा तीन.
आणि स्क्रीनवर माझी रेघ
केसभर बाहेर सरकली असती, तर चार.
दोन आणि चारच्या मध्ये
एक माणूस उताणा पडलाय,
उजवा हात गादीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

सकाळच्या फेरीत सर म्हणतात,
"नातेवाइकांना कल्पना द्या."
रोजचं वाक्य. आज पहिल्यांदा ऐकू आलं.
कल्पनाच तर देतो आम्ही,
आकड्यात घालून.

तक्त्यात एक गोष्ट लिहिलेली नसते.
चार गुणवाल्याच्या खाटेशी आपण कमी थांबतो.
त्याचा घसा साफ करायला जरा उशीर होतो.
एकच यंत्र मोकळं असेल
तर ते शेजारच्याला जातं.
मग तो जातो, तक्ता खरा निघतो,
आणि पुढचा तक्ता करताना
तोही पुरावा म्हणून धरला जातो.
हे मी सरांना म्हटलं नाही.
मीही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला कुंदानं गाठलं,
गेटबाहेर, पोह्यांच्या गाडीपाशी.
"टक्के नका सांगू, ताई.
खालच्या खोलीत पलंग लावायचा का, एवढं सांगा.
मशीन हलवावी लागेल.
बाबांची मशीन चाळीस वर्षं जागची हललेली नाही."
मी म्हटलं, "तीस दिवस तरी..."
आणि पुढचं वाक्य सापडेना.

ती जिरावन भुरभुरत होती,
पोहे दिसेनासे होईपर्यंत.
"बाबा बेतताना शिवणीत अर्धा इंच माया सोडायचे.
गिऱ्हाईक म्हणायचं, भिया, एकदम फिटिंग चाहिए.
तरी सोडायचे.
पोरगं वाढतं, माणूस सुटतो,
उसवायला जागा नको का?"
मग प्लेट तशीच ठेवून
ती पैसे द्यायला गेली.

फाईलमध्ये मी 'दोन' लिहून बसले होते.
शाईनं. वॉर्डात पेन्सिल मिळत नाही.

एकोणिसावा दिवस.
डोळे उघडे. शब्द नाही.
जीभ दाखवा, तर बघत राहतात.
रक्तदाब घ्यायला वाकले,
तशी डाव्या हातानं माझ्या एप्रनची बाही धरली.
मला वाटलं, काहीतरी हवंय.
नाही. बाही उलटी केली,
अंगठा शिवणीवरून हळूहळू नेला,
आणि जिथं कापड संपलं तिथं थांबवला.
रेडीमेड आहे. जेल रोडवरून घेतलेला.
आत काहीच सोडलेलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
फसून आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.
बाही सरळ केली. सोडली.

मी लिहिलं: डावा हात, शक्ती पाचपैकी पाच.
उजवा, शून्य. वाचा, नाही.
बाहीचं लिहायला रकाना नव्हता.

संध्याकाळी कुंदाला फोन केला.
मागे हातोडीचा आवाज.
"मशीन नाही हलवली," ती म्हणाली,
"पलंगच तिरका लावतोय.
दार पूर्ण उघडत नाही आता,
पण बसतोय."