भांगाचं पाणी

चेंदणीची होडी विकून आलेले
धर्माजी नाखवा घणसोलीत
अकराव्या मजल्यावर
खाडीकडे पाठ करून बसतात.

पहिले तीन गुरुवार मी धीराचं बोललो.
भिंतीनं ऐकलं.

चौथ्यांदा नुसता बसलो.
सुनेनं ठेवलेली मेथी निवडत राहिलो,
फ्रिज घरघरत होता.
जुडी संपता संपता म्हणाले,
"भरती कितीला?"
फोनमध्ये बघितलं : सहाला पाच कमी.
"म्हणजे अष्टमी. भांगाचं पाणी.
चढतं, पण जोर नाय त्याला."

आता दुखतं का, असं विचारत नाही.
पाणी कुठवर आलं, एवढंच.
कधी वेळ सांगतात.
कधी छातीवर, बरगडीच्या जरा वर
बोट टेकवतात :
हितवर.

मी चप्पल काढून
अजून थोडा बसतो.