तासिका तत्त्वावर

आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो.
उरलेली बारा कुठे जातात
हे अकरा वर्षांत मी कुणाला विचारलेलं नाही.
महिनाअखेरीला बिलाच्या तीन प्रती काढते,
विषयाच्या रकान्यात लिहिते : सार्वभौमत्व.
पुढे माझी सही, त्यापुढे विभागप्रमुखांची,
त्यापुढे कुणाची तरी, हिरव्या शाईतली.

वर्गात नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला.
त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे.
गेल्या मे महिन्यात कूलरचं पाणी उडालं
आणि त्याचा गुलाबी रंग ओघळत ओघळत
पार इराणात शिरला.
शिपाई सोमकुवर म्हणाले, फेकू का मॅडम?
म्हटलं, राहू द्या.
सीमा कशा हलतात ते दाखवायला
एवढं स्वस्त साधन विभागात दुसरं नाही.

कुणीतरी दरवर्षी विचारतंच :
शून्य मैलाचा दगड आपल्या नागपुरात,
म्हणजे आपण मधोमध ना, मॅडम?
मी म्हणते, कुणी मोजलं ते आधी विचारा.
मोजणारा उभा राहतो
तिथेच शून्य असतं.
मागच्या बाकावरून प्रज्वल ढोक,
रात्रभर लोकांची जेवणं पोचवून आलेला,
एक डोळा उघडून :
"किती मार्काले येते हे?"

राज्याचे चार घटक सांगत होते त्या दिवशी.
सम्मक्का कुळमेथे उठली. सिरोंच्याकडची.
एरवी हजेरीपुरतंच बोलते.
"मॅडम, आमच्या गावात लोक आहेत. जमीन आहे.
शासन गुरुवारी येते, बाजाराच्या दिवशी.
चौथं काय म्हणलं तुम्ही?"
वर्ग हसला. मीही हसले.
मग फळ्याकडे वळून
चौथा शब्द पुन्हा लिहिला, जरा मोठ्या अक्षरात,
जणू अक्षर लहान होतं म्हणून अडलं होतं.

डिसेंबरात सरकार येतं नागपुरात.
अक्षरशः येतं, फायलींचे गठ्ठे घेऊन, ट्रकातून.
दुभाजकांना रंग लागतो,
खड्डे पंधरा दिवसांपुरते बुजतात.
आम्ही यशवंत स्टेडियमपासून निघालो,
तासिकावाले तीनशे-साडेतीनशे,
निम्मे पीएच.डी., सगळे टोपी घातलेले,
आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला
बांबूंनी अडलो.
बांबूंपलीकडे नेवारे. दुसरा बाक, खिडकीकडचा.
बळाचा वैध वापर कोण करू शकतं,
यावर त्यानं पानभर लिहिलं होतं.
दहापैकी सात दिले होते मी.
आता लाठी आडवी धरून, दुसरीकडे बघत म्हणाला,
"मॅडम, तुम्ही त्या झाडाखाली थांबा.
पाच जण सोडतीन आत, शिष्टमंडळ म्हणून."
राजनय शिकवते मी.
पाचांत माझं नाव नव्हतं.
झाडाखाली सावली मात्र चांगली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तास.
नेवारेबद्दल काही बोलले नाही,
बोलायला हवं होतं बहुतेक.
घंटा झाल्यावर सगळे गेले, सम्मक्का थांबली.
हाताशी होता तो कागद ओढून
तिनं नदी काढली.
इकडे घर. तिकडे तेलंगणा, मावशी, मावशीचं शेत.
बैल इकडचा, नांगरणी तिकडची.
"पावसाळ्यात डोंगा लागते.
उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी असते, मॅडम,
तेव्हा कोणीच कोणाले काही विचारत नाही."
तिनं पाण्यात बैल काढला.
पाय जमले नाहीत, खोडले, पुन्हा काढले.
सोमकुवर कुलूप घेऊन दारात उभे.
मी म्हटलं, थांबा थोडं.

बिल परत आलंय कार्यालयातून.
शेरा : तिसरी प्रत जोडलेली नाही.
ती माझ्याकडे आहे. पाठीमागे नदी आहे.